रंगाऱ्यांच्या गुळाचा डबा

माझ्या झाकणाची कड आतल्या बाजूला दुमडलेली आहे. त्या दुमडीत एक पिवळी रेघ आहे. तिची रुंदी साधारण दोन मिलिमीटर. ती पूर्ण घेराला नाही. झाकण उघडताना उजव्या हाताची बोटं जिथे टेकतात, तेवढ्याच भागात आहे. लांबून गंज वाटतो. पण मी स्टीलचा आहे, आणि गंज असा फिकट, हिरवटपणाकडे झुकणारा पिवळा नसतो. टाचणीने खरवडली तर त्या रेघेची भुकटी निघते, मैद्यासारखी मऊ. ती जमायला एकोणीस वर्षं लागली.

मित्रांनो, मी एक जुना, कडीचा डबा आहे. माझ्यात गूळ ठेवतात. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना बहुधा हळव्या होतात. मी होणार नाही. मला राग आला आहे, आणि तो कशाचा, हे मी क्रमाने सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका दाबयंत्राखाली झाला. तिथून मी रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात आलो आणि आठ महिने वरच्या फळीवर बसून राहिलो. मग एका मामांनी मला भाचीच्या लग्नासाठी घेतलं. दुकानातल्या माणसाने सुईच्या यंत्राने माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढली : ‘चि. मुक्ता हिच्या विवाहानिमित्त मामाकडून’. ती अक्षरं अजून वाचता येतात. मुक्ताबाईंबरोबर मी कात्रजच्या अलीकडे, आंबेगावात आलो. घराच्या मागे तेव्हा ज्वारी होती. आता तिथे सात मजली इमारत आहे. पहिली काही वर्षं माझ्यात रवा होता, दिवाळीत शंकरपाळे. मुक्ताबाई मला रोज पुसत. ते दिवस चांगले होते. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मुक्ताबाईंचे यजमान बापूराव रंगकाम करत. शेताच्या वाटण्या झाल्यावर त्यांच्या वाट्याला जे आलं त्यावर घर चाललं नसतं, म्हणून त्यांनी ब्रश धरला. त्यांना काम शिकवलं ते दत्तोबा नावाच्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने. दत्तोबा सांगायचे, “गडी दिवसभर धूळ खातो. त्याला दोन वेळा गूळ दे. गूळ चिकट असतोय. धुळीला धरून खाली नेतो.” बापूरावांनी हे वाक्य आयुष्यभर जपलं. ज्या दिवशी त्यांनी स्वतःचं पहिलं कंत्राट घेतलं, त्या दिवशी त्यांनी बायकोकडे एक घट्ट झाकणाचा डबा मागितला.

“माझ्या मामानं दिलेला डबा हाय,” मुक्ताबाई म्हणाल्या. “रंगाचा एक ठिपका जरी लागला तर तुम्हाला घरात घेणार न्हाई.”

“गुळाचा डबा हाय. रंगात कशाला जातोय?”

रंगाचा ठिपका मला कधी लागला नाही. मुक्ताबाई रोज संध्याकाळी बाहेरून बघत आणि समाधानाने मान हलवत. झाकणाच्या दुमडीत कुणी बघितलं नाही.

गूळ मार्केट यार्डातून यायचा. मुक्ताबाई महिन्यातून एकदा ढेप आणत, बत्त्याने फोडून त्याचे सुपारीएवढे खडे करत आणि मला भरून देत. मी बापूरावांच्या स्कूटरच्या हुकाला पिशवीत लटकून गावभर फिरलो. कामं बहुतेक जुन्या घरांची असत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे बंगले, सोसायट्यांमधले जुने फ्लॅट. त्यांच्या खिडक्यांच्या चौकटींवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. सर्वांत वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, आणि लोखंडी गजांवर अगदी खाली शेंदरी. नवा रंग नीट बसावा म्हणून जुना आधी काढावा लागतो. कुठे पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पातळ पट्टीने, कुठे दिव्याच्या ज्योतीने जाळून, आणि मग सगळीकडे पॉलिश पेपरने घासून. कोरडं घासून. घासकाम सुरू झालं की खोलीतल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ उभी राहते आणि तासभर खाली बसत नाही. माणसं तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाच्या विणीतली भोकं त्या धुळीच्या कणांपेक्षा पुष्कळ मोठी असतात.

अकरा वाजता आणि चार वाजता काम थांबे. बापूराव मला उघडत. माणसं हात पँटीला पुसत आणि माझ्यात बोटं घालत.

मित्रांनो, हात पुसणं म्हणजे हात धुणं नव्हे. आणि गिळलेला गूळ छातीत जात नाही. तो अन्ननलिकेतून पोटात जातो. श्वासातली धूळ वेगळ्या नळीने वेगळ्या जागी गेलेली असते. गुळाची आणि तिची भेटच होत नाही. हे सातवीच्या पुस्तकातल्या आकृतीत दिसतं. उलट, बोटांवरची धूळ पोटापर्यंत पोचवायची असेल, तर चिकट गुळाच्या खड्याइतकं चांगलं साधन सापडणार नाही. एकोणीस वर्षं मी ते काम चोख केलं.

आणि माझं कौतुक झालं! लोक म्हणत, “बापूराव माणसांची किती काळजी घेतात, बघा. दोन वेळा गूळ.” एका प्राध्यापकांनी तर माझा फोटो काढला होता. दुसऱ्या कंत्राटदारांची माणसं बापूरावांकडे यायला बघत.

या माणसांमधले दोघं तुम्हाला माहीत हवेत. नागोराव वाशीमकडचे, नऊ वर्षं बापूरावांकडे असलेले मुख्य रंगारी. वय पंचेचाळीस. हिरा नांदेडकडची, तीन वर्षांपासून घासकामाला. घासकाम जवळजवळ सगळं तीच करायची. दोघांची जीभ एकमेकांवर चालत असे.

“बापूराव, हा डबा बंद करा,” नागोराव म्हणत. “गुळाच्या वासानं उद्या मुंगळे येतील तुमच्याकडं कामाला.”

“येऊ द्या की,” हिरा म्हणायची. “मुंगळे निदान बिडीला बाहेर जात नाहीत.”

गेल्या दोन वर्षांत नागोरावांचं पोट दुखू लागलं. कळ यायची आणि ते शिडीवर वाकून उभे राहायचे. “पोट लई दुखून राह्यलं,” ते म्हणायचे, आणि बापूराव त्यांना जास्तीचा खडा द्यायचे. मग मनगट ढिलं पडू लागलं. सरळ रेघ मारताना ब्रश खाली झुकायचा. “वय झालं तुझं,” बापूराव म्हणाले. पंचेचाळीस हे मनगटाचं वय होण्याचं वय नाही. पण मला कोण विचारतो?

आता घरातली एक रीत सांगतो. मुक्ताबाई रिकामा डबा घरात येऊ देत नाहीत. त्यांच्या माहेरी तसा नियम होता : भरलेलं भांडं बाहेर गेलं, तर परत येताना त्यात निदान एक दाणा हवा. म्हणून बापूराव रोज एक खडा शिल्लक ठेवत. तो खडा त्यांच्या नातीचा. तिचं नाव मैना, वय तीन वर्षं. स्कूटरचा आवाज आला की ती पायरीवर येऊन उभी राहायची. “आजोबा, डबा!” आजोबांच्या हातून मला घ्यायची, मांडीवर घट्ट धरून झाकण ओढायची, खडा तोंडात टाकायची आणि मग झाकणाच्या कडेला चिकटलेला चुरा बोटाने काढून चाटायची. रोज. मुक्ताबाई कौतुकाने बघत. एका लहान मुलीने मला इतक्या मायेने मांडीवर घेतलं, याचा मला अभिमान वाटायचा. त्या अभिमानाची मला आज लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात मैना फिकी पडू लागली. जेवेना. पोट साफ होईना. चिडून चिडून रडायची. आणि एक गोष्ट तिच्या आईच्या, म्हणजे बापूरावांच्या सुनेच्या, तनुजाच्या, लक्षात आली : ती बोलता बोलता अडखळू लागली होती. जे शब्द तिला दिवाळीत येत होते ते संक्रांतीला येत नव्हते. मुक्ताबाईंनी दृष्ट काढली. जंताचं औषध झालं. लोहाचं औषध दोन महिने झालं. रक्त काही वाढेना.

मग तनुजा तिला धनकवडीतल्या डॉक्टर प्रियदर्शनींकडे घेऊन गेली. डॉक्टर कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मैनाचं रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं आणि सांगितलं, “ही दिवसभरात जे जे तोंडात घालते ते सगळं पुढच्या वेळी घेऊन या. काहीही गाळू नका.” तनुजाने पिशवी भरली : खेळणी, चमचा, काजळाची डबी, आणि मी. त्या दिवशी बापूरावही बरोबर होते.

डॉक्टरांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. मला उचललं, झाकण काढलं आणि उजेडाकडे वळवून दुमडीत पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“हा कुठे असतो?”

“माझ्या कामावर,” बापूराव म्हणाले. “रंगाची कंत्राटं घेतो मी.”

“घरं नवी की जुनी?”

“जुनीच जास्त.”

“आधीचा रंग ओला करून काढता की कोरडा?”

“कोरडाच की. ओलं केलं तर दोन दिवस वाढतात. गिऱ्हाईक थांबत न्हाई.”

डॉक्टरांनी ओल्या पट्टीने माझी कड पुसली, ती पट्टी एका पिशवीत बंद केली आणि त्यावर तारीख लिहिली. आठवड्याने दोन्ही कागद आले. कडेच्या भुकटीत शिसं होतं, थोडंथोडकं नाही. आणि मैनाच्या रक्तात, दर डेसिलिटरला एकवीस मायक्रोग्रॅम.

“पाचला पोचलं की आम्ही कारण शोधायला लागतो,” डॉक्टर म्हणाल्या. “मुलांच्या शरीरात शिशाचा सुरक्षित म्हणावा असा कोणताच आकडा नाही. मोठ्या माणसाच्या पोटातून जेवढं शोषलं जातं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या पोटातून जातं. ते मेंदूवर परिणाम करतं, आणि हाडांत जाऊन बसतं.”

बापूराव खुर्चीत पुढे सरकले. “पण मॅडम, आमचा रंग शिशाचा नसतो. मी बिलासकट दाखवतो. डब्यावर छापलेलं असतं.”

“तो तुम्ही लावता तो रंग,” डॉक्टर म्हणाल्या. “मी तुम्ही काढता त्याबद्दल विचारतेय.”

मैना काजळाच्या डबीकडे हात नेत होती; तनुजाने तो हात धरला आणि सोडला नाही.

निघताना डॉक्टरांनी बापूरावांना एक कागद लिहून दिला. “घरं दुरुस्त करणाऱ्यांनी जुना रंग कसा काढावा, याचा लेखी नियम मला आपल्याकडे सापडला नाही. दुसऱ्या देशांत जे पाळतात ते मी मराठीत लिहिलंय. आणि एक. तुमच्याकडे घासायला जी माणसं आहेत त्यांचं रक्त तपासून घ्या. त्यांच्या मुलांचंही. हे आधी करा.”

त्यानंतर बापूरावांनी जे केलं, त्यातलं निम्मं चांगलं होतं. ते कामावरच्या नळाखाली अंग धुऊ लागले. कामाचे कपडे कामावरच ठेवू लागले. घरात ओल्या फडक्याने फरशी पुसली जाऊ लागली. मैनाला वेळेवर औषध, दूध, पालेभाजी. मुक्ताबाईंनी घरातला सगळा गूळ उचलून टाकला, जणू चूक गुळाची होती.

आणि उरलेलं निम्मं? मला त्यांनी वाटेत दुकानातून गूळ भरून परत कामावर नेलं.

अकरा वाजता माझं झाकण उघडलं. नागोरावांनी हात पुसला आणि बोटं घातली. हिराने घातली. बापूरावांनी घातली नाहीत.

“तुम्ही नाही घेत, बापूराव?” हिराने विचारलं.

“न्हाई. डॉक्टरनं बंद केलाय.”

“कामून? साखर निघाली का काय?”

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. “हां. साखर निघाली.”

“घ्या!” नागोराव हसले. “जन्मभर गूळ वाटला त्यालाच साखर. देव बी बघून राह्यला वरून.”

सगळे हसले. बापूरावही हसले. मित्रांनो, मी त्या हसण्याच्या मधोमध उघडा पडलेलो होतो, आणि माझ्याकडे ओरडायला तोंड नव्हतं.

डॉक्टरांचा कागद चार घड्या घालून पिशवीत माझ्या शेजारी होता. बापूराव तो दिवसातून एकदा काढत, वाचत आणि परत ठेवत. त्यांना काय वाटत असेल याचा मी अंदाज करू शकतो. माणसं घाबरून दुसरीकडे जातील. नागोराव नऊ वर्षांचा हिशोब विचारतील, आणि तो पैशांचा नसेल. हातातलं काम अर्ध्यावर राहील. ‘हे एवढं काम संपलं की सांगू’, असं त्यांनी ठरवलं असेल. मग ते काम संपलं आणि दुसरं सुरू झालं. मी हा अंदाज त्यांना माफ करण्यासाठी सांगत नाही.

दुसरं काम सहकारनगरमधल्या सुशीलाबाईंच्या बंगल्याचं. १९७१ साली बांधलेला, सोळा खिडक्यांचा. सुशीलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा लावून नव्या रंगाच्या डब्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली.

“शिसं नाही म्हणतात. बरं आहे. सुट्टीत माझी नातवंडं यायची आहेत, म्हणून विचारलं.”

त्या हे म्हणत होत्या तेव्हा त्यांच्या मागे, चार हातांवर, हिरा खिडकीची चौकट घासत होती. पांढऱ्याखालून हिरवा आणि हिरव्याखालून पिवळा निघत होता आणि त्याची भुकटी सुशीलाबाईंच्या पांढऱ्या केसांवर बसत होती.

नियम आहे, मित्रांनो. २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून आपल्या देशात नव्या घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त चालत नाही. चांगला नियम आहे. पण तो नव्या डब्याच्या झाकणापाशी थांबतो. भिंतीवर, दारावर, गजांवर जे आधीच बसलंय, त्याचं काय करायचं? ते कोण घासणार, कशाने घासणार, घासून झाल्यावर कुठे जेवणार? त्या नियमाला हे प्रश्न पडलेले नाहीत. शिकलेल्या लोकांनाही पडत नाहीत. नव्या रंगाची छटा ठरवायला घरातली चार माणसं आठ दिवस चर्चा करतात. जुना रंग निघताना घरात कोण असेल याची चर्चा आठ मिनिटंही होत नाही.

आणि करायचं तरी काय असतं? डॉक्टरांचा तो कागद मला पाठ झाला आहे. जुना रंग तपासून घ्या. तपासला नसेल, तर शिसं आहे असंच धरा. जाळू नका. कोरडा घासू नका; पाणी फवारून, ओला ठेवून घासा. खाली प्लास्टिक अंथरा, खोलीचं दार बंद करा. रुमाल नको, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. लहान मुलं आणि गरोदर बायका काम संपेपर्यंत त्या घरात नकोत. जिथे घासता तिथे खाऊ नका. खाण्याआधी साबणाने हात धुवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. खरवड पिशवीत बांधून द्या, अंगणात झटकू नका. यातलं अवघड काय आहे? पाणी? साबण? दोन दिवस? मुलीचे गेलेले शब्द परत यायला किती दिवस लागतात, हे कुणी मोजलं आहे का?

पण माझा खरा राग पुढेच आहे.

मी आता घरी जात नव्हतो. मुक्काम कामावरच. पण एकोणीस वर्षांची सवय अशी, की बापूरावांच्या हातून शेवटचा खडा शिल्लक राहायचाच. चौथ्या-पाचव्या दिवशी हिराच्या ते लक्षात आलं.

“बापूराव, हा मैनाचा खडा ना? आता नेत नाहीत तुम्ही?”

“न्हाई. तिला... दात किडलेत तिचे.”

“मग माझ्या हेमाला नेऊ का? तिचे अजून नीट आलेच नाहीत.”

हेमा तिची मुलगी. वय अडीच वर्षं. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत शेजारणीकडे राहायची, आई येईपर्यंत.

बापूरावांनी तोंड उघडलं. मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते सांगता येणार नाही. हिराने होकाराची धरली. तिने धुळीच्या हाताने खडा उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. त्या दिवसापासून रोज चार वाजता ती गाठ बांधली जाऊ लागली. स्वतःच्या नातीसाठी त्यांनी जे दार बंद केलं, ते दुसऱ्याच्या मुलीसाठी उघडं ठेवलं, आणि त्यासाठी त्यांना काही करावं लागलं नाही. फक्त गप्प बसावं लागलं.

मैनाचा पहिला आकडा कळल्यापासून सव्विसाव्या दिवशी तिच्या दुसऱ्या तपासणीचा कागद आला. कागद घेऊन तनुजा स्वतः बंगल्याच्या फाटकापाशी आली. मी व्हरांड्यात कट्ट्यावर होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

“बाबा, सोळावर आलं. डॉक्टर म्हणाल्या, उतरतंय.”

बापूरावांनी डोळे मिटले. “बरं झालं. लई बरं झालं.”

“त्यांनी विचारलंय, तुमच्या माणसांचे आकडे काय आले?”

“सांगतो.”

“म्हणजे तपासलं?”

“सांगतो म्हटलं ना.”

तनुजाने व्हरांड्यात पाहिलं. मला पाहिलं. तिने मला ओळखलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “अजून हाच डबा आहे?”

चार वाजत आले होते. माणसं बाहेर येत होती. नागोराव भिंतीला धरून पायरी उतरले, डावा हात पोटावर. सुशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो बापूराव, आपण रंग लावायला आलात की उत्खननाला? चार दिवसांत घासकाम संपेल म्हणाला होतात. कोणत्या महिन्यातले चार, ते विचारायचं माझंच राहिलं.”

“आज संपतंय, बाई,” हिरा म्हणाली. “एकच खिडकी ऱ्हायलीय. चहाच्या आधी उडवते.” तिने तनुजाला पाहिलं आणि हसली. “वहिनी! मैना कशी आहे? तिचा खडा माझ्या पोरीनं पळवला, सांगा तिला. हेमा आता मला विचारतच नाही, आल्या आल्या पदरच धरते.”

तनुजा बापूरावांकडे पाहत राहिली.

हिराने माझं झाकण काढलं. आत दोन खडे होते. एक तिने नागोरावांना दिला. दुसरा पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारायला घेतली. तिच्या बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडांना, पिवळं होतं.

“हिरा, थांब,” बापूराव म्हणाले.

“काय?”

“गाठ सोड. तो खडा टाकून दे. नागोराव, तूबी.”

नागोराव खडा तोंडाशी नेता नेता थांबले. “काय झालं? मुंगी हाय का?”

“मुंगी न्हाई.” बापूरावांनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला, उलगडला, आणि तो न वाचताच बोलू लागले. “माझी साखर खोटी हाय. मैनाचे दात खोटे हायेत. मैनाच्या रक्तात शिसं निघालंय. या जुन्या रंगाच्या धुळीतलं, या डब्यातून गेलेलं. तुझं पोट, तुझं मनगट, हे वय न्हाई, नागोराव. त्येच असणार. आणि हिरा, हेमाच्या बी पोटात गेलं असणार. मला ठाऊक होऊन सव्वीस दिवस झाले.”

हिराचा हात पदरावरच राहिला. नागोरावांनी खडा कट्ट्यावर ठेवला, अगदी हळू.

“सव्वीस,” हिरा म्हणाली. एवढंच.

“अहो, पण माझ्या खिडकीचं काय?” सुशीलाबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा हात आपल्या केसांकडे गेला.

बापूराव त्यांच्याकडे वळले.

“बाई, घासकाम बंद. आत्तापासून. उद्या सकाळी मी हिराला, हेमाला, नागोरावाला घेऊन रक्त तपासायला जाणार हाय, खर्च माझा. तुमची खिडकी ओली करूनच निघंल, न्हाईतर माझ्याकडून निघणार न्हाई.”